पीआय पॉलिसी घेताना आणि वापरताना: माझा अनुभव

डोंबिवलीत मी स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीच्या कामांची कन्सल्टन्सी करते. आमच्या भागात या कामाला तोटा नाही. 30 वर्षं उलटलेल्या इमारतींना पालिकेकडे स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्यापुढे दर 3 वर्षांनी ऑडिट करायचं असतं. पण व्यावसायिक जबाबदारीचा विमा, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीपायी कुणी भरपाई मागितली तर उपयोगी पडणारा, आमच्या बोलण्यातला 'पीआय', घ्यायला निमित्त झालं ते ठाण्यातल्या एका सोसायटीच्या टेंडरचं. पॉलिसीची प्रत जोडल्याशिवाय पाकीट उघडणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ही गोष्ट 2019 सालची.

आमच्या नेहमीच्या एजंटला विचारलं. गाडीचा विमा आणि मेडिक्लेम तो डोळे झाकून करून देतो. "मॅडम, ती डॉक्टर लोकांची पॉलिसी असते," म्हणाला. शेवटी एका ब्रोकरने फॉर्म आणून दिला. मागच्या तीन वर्षांची फी, त्यात डिझाइनची किती, ऑडिटची किती, देखरेखीची किती. ऑफिसात कोण कोण, त्यांचं शिक्षण काय. सगळ्यात मोठं काम कोणतं. हे सगळं एका संध्याकाळी भरून झालं. अडले ते शेवटच्या प्रश्नावर: ज्यातून पुढे दावा उभा राहू शकेल अशी एखादी घटना तुम्हाला माहीत आहे का?

माहीत होती. माझ्या देखरेखीखाली दुरुस्त झालेल्या एका इमारतीच्या गॅलरीचा गिलावा खाली लावलेल्या स्कूटरवर पडला होता आणि चेअरमननी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. दावा नाही, नोटीस नाही, नुसता फोटो. "हे लिहिलंत तर उगाच लांबेल," ब्रोकर म्हणाला. मी लिहिलं. लांबलंच, आणि त्या सोसायटीचं काम नाव घेऊन पॉलिसीतून वगळण्यात आलं. पण हे दडवलं असतं आणि पुढे उघड झालं असतं, तर कंपनीला भलताच दावा नाकारायलाही हाताशी कारण मिळालं असतं. या प्रश्नाचं उत्तर ब्रोकरवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

पॉलिसीवर भरपाईच्या कमाल मर्यादेचे दोन आकडे असतात: एका घटनेला किती आणि वर्षभरात मिळून किती. मी एकास दोन प्रमाण घेतलं, 50 लाख आणि 1 कोटी. प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी वेगळा. आकड्यांपेक्षा महत्त्वाची असते तारीख. दावा ज्या वर्षी आपल्यावर येतो आणि आपण तो कळवतो, त्या वर्षीची पॉलिसी उपयोगी पडते. काम मात्र पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरचं लागतं. पहिल्यांदा घेताना बहुधा ही तारीख सुरुवातीचीच मिळते, म्हणजे जुनी कामं उघडीच. दरवर्षी वेळेत नूतनीकरण केलं तर ती तारीख टिकते. मध्ये खंड पडला की पाटी पुन्हा कोरी.

गुन्ह्याला आणि दंडाला ही पॉलिसी नसते. 2013 साली शीळ फाट्याजवळची लकी कंपाउंडची इमारत कोसळून 74 माणसं गेली. तसं काही घडलं तर फौजदारी खटला ज्याचा त्यालाच निस्तरावा लागतो. करारात आपण होऊन दिलेल्या हमीलाही ती नसते. 'पुढील 15 वर्षे इमारतीस काहीही होणार नाही' असं लिहून मागणाऱ्या सोसायट्या आजही भेटतात. ते वाक्य खोडल्याशिवाय मी सही करत नाही. कामं गेली आहेत त्यापायी.

नोटीस आली 2024 मध्ये. 2022 साली एका सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग माझ्या देखरेखीखाली झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या घरात स्लॅबमधून पाणी उतरलं, फर्निचर गेलं. वकिलाच्या पत्रात सोसायटी, ठेकेदार आणि मी, तिघांचीही नावं. उत्तर लिहायला न बसता मी आधी विमा कंपनीला लेखी कळवलं. पॉलिसीची अटच तशी: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाई देऊ करायची नाही, वकीलही ठरवायचा नाही.

हे पाळणं फार जड जातं. सेक्रेटरींचा फोन, "मॅडम, तुमच्याकडून थोडं राहिलं एवढंच लिहून द्या, बाकी आम्ही बघून घेतो." आजोबांनी तर साइटवर कितीदा चहा पाजलेला. जिन्यात भेटले तेव्हा तब्येतीची चौकशी करून मी पुढे झाले. वाईट वाटलं.

सोसायटीची समजूत होती की ठेकेदाराचा 'ऑल रिस्क' विमा आहे, म्हणजे सगळं त्यात येईल. तसं नसतं. परांची कोसळून शेजारच्यांच्या गाडीवर पडली असती तर तो विमा कामाला आला असता. काम मुळातच कच्चं झालं असेल तर ते पुन्हा करून देण्याचा खर्च त्यात बसत नाही.

आम्हाला तारलं ते फायलीने. गच्चीवर पाणी साठवून घेतलेल्या चाचणीची नोंद होती, खाली ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही. त्यानंतर काही महिन्यांनी सोसायटीने सोलर पॅनल बसवले आणि त्यांच्या सांगाड्यासाठी गच्चीत ड्रिलने भोकं पाडली. थर फुटला आहे, भोकं भरून घ्या, असं पत्र मी तेव्हाच दिलं होतं. आमच्या प्रतीवर सोसायटीचा गोल शिक्का आणि मॅनेजरची सही. कंपनीने नेमलेल्या वकीलबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "मूळ प्रत ऑफिसात ठेवू नका, घरी कपाटात ठेवा."

प्रकरण आता ठाण्याच्या ग्राहक आयोगापुढे आहे, तारखा पडताहेत. वकिलाच्या खर्चातला एक्सेसपुरता, म्हणजे पॉलिसीप्रमाणे आधी आपण सोसायचा तेवढा, वाटा मी भरला, वरचा कंपनी भरते. यंदाच्या फॉर्ममध्ये 'आजवर दावा आला आहे का' यापुढे 'होय' लिहावं लागलं. प्रीमियम वाढणार हे धरून चालले आहे. लिमिटही वाढवून मागितली आहे. कोटेशन अजून यायचंय.