चर, कालवं आणि रोथ हाऊस

आज दिवसभर आयर्लंडमधल्या किल्केनीत, रोथ हाऊसच्या बाजूला पाइपलाइनच्या चरावर होतो. जॉन रोथ या व्यापाऱ्यानं १५९४ ते १६१० या काळात बांधलेलं हे घर. एकामागे एक अशा तीन इमारती, मधे चौक, आणि मागे पार गावाच्या तटापर्यंत गेलेली बाग. वाड्यात वाढलेल्या माणसाला इथं अजिबात परकं वाटत नाही.

अशा जागी जेसीबीला बिनदाताचं बकेट लावतात आणि परवाना असलेले पुरातत्त्वज्ञ प्रत्येक थरावर नजर ठेवतात. आमच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी काळी, ओलसर माती दिसताच हात वर केला. मशीन बंद. खाली उतरून त्या थापीनं हलकेच खरवडू लागल्या. कालवांचे शिंपले, सुरीच्या खुणा असलेलं गुराचं हाड, आणि पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या पाइपची बोटभर नळी. नळीचं भोक जितकं मोठं, तितकी ती साधारण जुनी, हे त्यांनी दाखवलं. समुद्र इथून चांगलाच लांब, तरी कालवं यायची!

मग फोटो, मोजमाप, पिशव्यांवर क्रमांक. काम बराच वेळ थांबलं, पण कुणी कुरकुरलं नाही, याचं फार बरं वाटलं. आपल्या जुन्या पेठांमध्ये रस्ते खणतानाही असं कुणीतरी उभं असायला हवं, अगदी मनापासून वाटतं.

आता पाइप थोडा वरून न्यायचं ठरलंय. खालचा थर आहे तसाच राहील.