रॉटवायलरवर बंदी? आधी पट्टा लावा!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत एकदा ती कुत्र्यांच्या 23 जातींची यादी फिरतीये, पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो वगैरे, आणि खाली मेसेज की सरकारने बंदी घातलीये, सी विंगमधला रॉटवायलर महिन्याभरात बाहेर काढा. अहो पण ते 12 मार्च 2024 चं केंद्राचं पत्रक होतं, पशुसंवर्धन खात्याने राज्यांना पाठवलेलं, की या जातींना लायसन देऊ नका आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करा. कर्नाटक हायकोर्टाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणंच ऐकून घेतलं नव्हतं. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मला कुत्र्यांची भीती वाटणाऱ्यांचा राग येत नाही, खरंच. लहान पोरं असलेल्या घरात ती भीती असणारच. पण कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकजवळ सकाळी जाऊन बघा, एक काका पट्टा स्वतःच्या मनगटाला गुंडाळून चालतात आणि त्यांचा लॅब्रॅडोर पुढे मोकळा पळतो, परवा एका छोट्या मुलीच्या अंगावर उड्या मारायला लागला, ती किंचाळून आईला बिलगली, आणि काका लांबूनच "काही करत नाही तो". लॅब्रॅडोर कुठल्याच यादीत नाहीये! आणि सी विंगमधला तो रॉटवायलर लिफ्टमध्ये कुणी असलं तर मालकाबरोबर जिन्याने उतरतो, तोंडाला मझल, पट्टा आखूड धरलेला.

कायदा आहेच की. भारतीय न्याय संहितेचं कलम 291, आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जातीचं नावसुद्धा नाही, जबाबदारी सरळ पाळणाऱ्यावर. नेदरलँड्सने तर पिटबुलवरची बंदी उठवायचं 2008 मध्ये ठरवलं, कारण चावे काही कमी झाले नव्हते.

म्हणून कमिटीला मी लिहून दिलंय, जात कुठलीही असो, जिना लिफ्ट पार्किंग सगळीकडे पट्टा कम्पल्सरी करा, रेबीजच्या लसीचं कार्ड आणि महापालिकेचं लायसन दरवर्षी ऑफिसात दाखवायला लावा, आणि रॉटवायलर महिन्याभरात बाहेर काढायची ती नोटीस मागे घ्या. रविवारच्या मीटिंगला सी विंगवाले एकटे पडायला नकोत, कुत्रा पाळणाऱ्या सगळ्यांनी या, न पाळणाऱ्यांनी पण या प्लीज.