शेवटचं गाणं शोधत लिव्हरपूलला

ऑक्टोबरात मँचेस्टरला ताईकडे तीन आठवडे होते, त्यातल्या एका शनिवारी भाच्याने सकाळी सकाळी हलवून उठवलं, मावशी चल, तुझ्या म्हाताऱ्यांच्या गावाला जाऊन येऊ. म्हातारे म्हणजे बीटल्स, साठच्या दशकात गाजलेला चौघांचा ब्रिटिश बँड, आणि गाव म्हणजे त्यांचं लिव्हरपूल, ट्रेनने तासाभराचंच अंतर, तरी ताईने डब्यात मेथीचे ठेपले दिलेच.

माझ्या डोक्यात एकच खूळ होतं, त्यांचं ‘नाऊ अँड देन’ हे गाणं जिथे घडलं ती जागा बघायची. २ नोव्हेंबर २०२३ ला आलं हे गाणं, बँडचं शेवटचं म्हणूनच आलं, आणि आठवड्याभरात ब्रिटनमध्ये एक नंबरला. आधीचा एक नंबर १९६९ चा, म्हणजे मध्ये चोपन्न वर्षं! चौघांतले उरलेले दोघं, पॉल तेव्हा ८१ चा, रिंगो ८३ चा. अमेरिकेत सातपर्यंतच पोचलं, पण पुढे २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं.

ट्रेनमध्ये भाच्याने माझ्या खुळातली हवाच काढली. तो साउंडचं शिकतोय. म्हणाला, अगं हे गाणं लिव्हरपूलमध्ये झालंच नाहीये. बँडमधल्या जॉनने ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कला डकोटा बिल्डिंगमधल्या घरात पियानोवर बसून साध्या कॅसेटवर टेप केलं होतं, १९८० मध्ये तो गेला, १९९४ मध्ये त्याच्या बायकोने, योकोने, त्या कॅसेट पॉलला दिल्या. उरलेले तिघं, पॉल, रिंगो आणि जॉर्ज, १९९५ मध्ये त्यावर बसले पण टेपमध्ये विजेची घरघर, आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरला यायची ना तशीच, आणि पियानो इतका चढा की जॉनचा आवाज त्याखाली दबलेला. दिलं सोडून. २००१ मध्ये जॉर्जही गेला. मग सिनेमावाल्या पीटर जॅक्सनच्या माणसांनी बीटल्सच्या डॉक्युमेंटरीसाठी एका टेपमधले आवाज सुटे करायची सिस्टीम बनवली, तिनेच २०२२ मध्ये जॉनचा आवाज पियानोपासून वेगळा केला.

“म्हणजे एआयने जॉनचा आवाज बनवला,” मी म्हटलं.

“नाही गं मावशी! सगळे हेच म्हणतात. बनवला काहीच नाही, होता तोच बाहेर काढला.”

म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं, असं मी म्हटलं तर हसला, पण हो म्हणाला. बाकी जॉर्जची गिटार १९९५ चीच, रिंगोचे ड्रम आणि पॉलचा बास नवीन, मधला स्लाइड गिटारचा तुकडा पॉलने जॉर्जच्या ढंगात वाजवला, आणि व्हायोलिनवाल्यांना लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गाण्याचं भलतंच नाव सांगून वाजवून घेतलं, का तर बातमी फुटू नये. चौघं एका खोलीत कधी बसलेच नाहीत या गाण्यासाठी. मग मी इथे शोधणार काय, कपाळ?

गावात पाऊस. बीटल्स सुरुवातीला जिथे वाजवायचे त्या कॅव्हर्न क्लबच्या पायऱ्या उतरलो, खाली विटांच्या कमानी, दुपारी बारालाच एक जण गिटार घेऊन गात होता, मजा आली, पण मूळचा क्लब १९७३ लाच बंद झालेला, हा पुन्हा बांधलेला. त्यांच्या गाण्यातली पेनी लेन म्हणजे साधा रस्ता. तिथे ठेपले संपवले.

खरं बघायचं ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या मिनीबसने, जॉन आणि पॉलची लहानपणची घरं. आत फोटो काढू देत नाहीत, मी जरा कुरकुरले, पण बरंच झालं. पॉलचं फोर्थलिन रोडवरचं घर म्हणजे आपली म्हाडाची चाळ असावी तसलं सरकारी घर, आणि पुढची खोली एवढीशी की दोन पोरं गिटार घेऊन समोरासमोर बसली तर गुडघ्याला गुडघा लागेल. इथे शाळा बुडवून दोघं गाणी लिहायचे. ट्रस्टने हे घर घेतलं १९९५ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तिकडे पॉल त्या घरघरत्या कॅसेटशी झटत होता त्याच वर्षी. मला उगाचच गलबलून आलं, भाच्याला काही सांगितलं नाही.

मग जॉनचं मेंडिप्स. मिमी मावशीचं घर, टापटीप, बाग वगैरे. ही मावशी पोरांना गिटारसकट पुढच्या काचेच्या पोर्चमध्ये पिटाळायची, घरात कटकट नको म्हणून, आणि पोरं खूश, कारण तिथे आवाज घुमतो. आमच्या बसमधली माणसं एकेक करून त्यात उभी राहून गुणगुणून बघत होती. एक आजोबा तर डोळे मिटून उभे, हलायलाच तयार नाहीत.

माझा नंबर आला. इंग्रजी शब्द ऐन वेळी आठवेनात, नुसतं ‘नाऊ अँड देन’ एवढंच सुरात म्हटलं, माझ्या मते सुरात, आणि खरंच काचांवरून गोल फिरून परत आलं. मी भाच्याकडे बघितलं.

“मावशी,” तो म्हणाला, “हे निवडायला ते मशीनसुद्धा नको म्हणेल.”