पोक काढणारा सुपरमॅन

इंदूरला रामबागेत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. संध्याकाळी तिथं बसायला जागा नसते. एका कॉटवर गुडघ्याला शेक घेणाऱ्या आजी, दुसरीकडे मानेला ट्रॅक्शन लावून बसलेले बँकेतले एक गृहस्थ, आणि मध्ये मी. गणपती तोंडावर आले होते. एका हौशी मंडळाचे दिग्दर्शक काका त्यांच्या बालनाट्यातल्या महानायकाला दंडाला धरूनच आत घेऊन आले. नायक कॉलेजातला पोरगा. कमर धरलेली, मान आखडलेली.

“मॅडम, प्रयोग जवळ आलाय. याला तेवढा उभा करा.”

उभाच केला, भिंतीला पाठ लावून. टाचा, कुल्ले, खवाटे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली, की कमरेमागे पंजा जेमतेम सरकेल एवढी फट राहते. याच्या कमरेमागून माझी मूठ आरपार गेली.

“असा का उभा राहतोस रे?”

“रोलच तसा आहे, मॅडम.”

“छाती बाहेर, हनुवटी वर,” काका कौतुकानं म्हणाले. “घोटून घेतलंय त्याच्याकडून.”

वर अस्तर लावलेली जड मखमली केप, तीही गळ्याशी नाडीनं बांधलेली. केप मागे ओढायची आणि तोल सांभाळायला हा मान पुढे काढायचा. दुखण्याचं मूळ सापडलं होतं. नाडी काढा, आतून खांद्यांवरून आडवे पट्टे घ्या, वजन धडावर येऊ द्या, एवढं सांगून मी त्यांना वाटेला लावू शकले असते. पण काका म्हणाले, “सुपरमॅन म्हणजे छातीच हो,” आणि मला राहवेना.

मी मोबाइलवर १९७८च्या ‘सुपरमॅन’मधला एक प्रसंग लावला. सुपरमॅन झालेला नट क्रिस्टोफर रीव्ह सहकारी पत्रकार लोइसच्या घरी क्लार्क केंट म्हणून, म्हणजे सुपरमॅननं ओळख लपवायला घेतलेल्या चष्मेवाल्या पत्रकाराच्या रूपात, आलाय. ती आतल्या खोलीत गेली आहे. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं, तो चष्मा काढतो आणि सरळ होतो. ती बाहेर येते, याचा धीर सुटतो आणि तो परत क्लार्क होतो. आवाज मी मुद्दाम बंद ठेवला होता. ट्रॅक्शनवाल्यांना मान वळवता येईना, म्हणून मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला आणि बाकीचे त्यांच्यामागे गोळा झाले.

“हा उंच कसा झाला?” आजींनी विचारलं.

माझ्या मते सगळं परीक्षण या प्रश्नात आहे. रीव्ह मुळातच सहा फूट चार इंच. क्लार्क असताना तो ती उंची लपवतो. नुसती मान खाली घालत नाही, तर पाठीला पोक काढतो, खांदे पुढे घेतो, हनुवटी बाहेर येते. अशा बसक्या छातीत श्वास वरवर चालतो, त्यामुळे आवाजही आपसूक बारीक होतो. मग चष्मा उतरतो आणि कान, खांदा, खुबा एका रेषेत येतात. बस, तेवढंच. छाती कुठंच बाहेर काढलेली नाही. सुपरमॅन म्हणून तो सरळ उभा राहतो, बाकी काही करत नाही. सगळी मेहनत क्लार्कमध्ये आहे. त्याचा क्लार्क १९३८च्या एका विनोदी चित्रपटातल्या कॅरी ग्रँटच्या धांदरट शास्त्रज्ञावरून घेतलेला. स्नायूही खरे: पोशाखात खोटे स्नायू भरायला त्यानं नकार दिला आणि ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायकाच्या, डार्थ व्हेडरच्या पोशाखातले डेव्हिड प्राउझ यांच्याकडून व्यायाम करून घेतला.

“आणि आमचा शक्तिमान?” काकांनी मध्येच १९९७ची दूरदर्शनवरची मालिका आणली. वावगं नव्हतं ते. शक्तिमानचं साधं रूप म्हणजे गंगाधर; त्याचे पुढे आलेले दात आणि चष्मा ही रंगभूषेची करामत, हे खरं. पण ते वजा केले तरी ती भरभर, अघळपघळ बोलण्याची लय उरते. भीष्माचे संवाद ठाय लयीत म्हणणाऱ्या मुकेश खन्नांनी ती पकडली, याचे गुण मी पूर्ण देते. शरीर मात्र दोन्हीकडे बरंचसं एकच राहतं. अलीकडच्या सुपरमॅनचा, हेन्री कॅव्हिलचा मुद्दा पोरानं काढला. शरीर देखणं, वादच नाही. पण २०१३च्या चित्रपटात चष्मेवाला पत्रकार अगदी शेवटी येतो. जो पेपर दिलाच नाही त्याचे गुण कसे द्यायचे?

“हा रीव्ह आता काय करतो?” पोराला ठाऊक नव्हतं.

सांगावं लागलं. मे १९९५मध्ये तो घोड्यावरून पडला. मानेचे पहिले दोन मणके मोडले. श्वासाच्या पडद्याची नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघते. इजा तिच्या वर झाली, म्हणून श्वासासाठीही यंत्र आलं. २००४ साली तो गेला. पण मधल्या काळात, १९९८मध्ये, हिचकॉकच्या एका जुन्या चित्रपटाच्या टीव्हीवरच्या नव्या आवृत्तीत त्यानं व्हीलचेअरवरून मुख्य भूमिका केली आणि अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेचा पुरस्कार मिळवला. नुसता चेहरा आणि यंत्राच्या तालावर तोडत घेतलेली वाक्यं. पाठीनं अभिनय करणाऱ्याची पाठ गेल्यावर काय उरतं, ते ज्याला बघायचंय त्यानं तिथं बघावं.

मग पोराला म्हटलं, आता तू क्लार्क हो. तो पार मोडूनच पडला, गुडघ्यांपासून. सरळ हो म्हटल्यावर थेट धनुष्य. मधली, साधं उभं राहण्याची जागाच त्याच्याकडे नव्हती. त्याला कॉटवर उताणा झोपवला, गुडघे दुमडून कमर गादीला टेकवायला लावली. हळूहळू, श्वास सोडत.

“पण तो साधाच उभा राहिला तर पोरांना कळणार कसं, की हा हीरो आहे?” काका अजून अडून होते.

“आधीच्या प्रवेशात तो कोण असतो?”

“कारकून.”

“त्याला वाक्यं किती?”

काका गप्प झाले. पोरगा कॉटवरूनच म्हणाला, “दोन. दुसरं नुसतं ‘हो साहेब’ आहे.”

काकांनी पिशवीतून संहिता काढली, माझ्या टेबलावरचं पेन घेतलं आणि बाकावर बसून कारकुनाचा प्रवेश वाढवायला लागले. आजींनी डब्याचं झाकण उघडत नाही असं काहीतरी सुचवलं. काकांनी ते “बालिश” म्हणून उडवलं आणि थोड्या वेळानं गुपचूप लिहून घेतलं.