तुम्ही विचारलंत म्हणून: व्यापाऱ्याच्या रोजनिशीत वाचायचं काय?

अलेक्झांडर मॅकेन्झी हा कॅनडातला कातड्यांचा व्यापारी. १७९३ मध्ये तो नद्या आणि पायवाटांनी पॅसिफिकपर्यंत गेला, आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्यानं लिहिली. त्याचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. "'वायव्येला दोन मैल, पश्चिमेला पाऊण मैल' याशिवाय त्या रोजनिशीत आहे काय?" आणि "कातड्यांच्या व्यापाऱ्यानं लिहिलेलं खरं कशावरून?" एकदाच सविस्तर लिहिते.

ज्या ओळी तुम्ही गाळून पुढे जाता, त्याच ओळींतून नकाशा तयार होतो. नदी वळली की होकायंत्र पाहून नवी दिशा टिपायची. अंतर मात्र नजरेनं आणि गेलेल्या वेळेवरून, म्हणजे अंदाजानंच. हा अंदाज दर वळणाला थोडा चुकतो आणि चूक साचत जाते. दुपारी ऊन मिळालं तर सेक्स्टंटनं, म्हणजे कोन मोजायच्या साधनानं, सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येतो, पण त्यानं उत्तर-दक्षिण हिशेब तेवढा ताळ्यावर येतो. रेखांशासाठी गुरूच्या चंद्रांची ग्रहणं पाहावी लागतात, आणि घड्याळ रोज किती पुढे-मागे जातं हे माहीत असावं लागतं. १७८९ मध्ये तो आर्क्टिक समुद्रापर्यंत जाऊन आला, तेव्हा हे आपल्याला येत नाही हे त्याला कळलं. मग साधनं आणण्यासाठी आणि खगोलशास्त्र शिकण्यासाठी तो इंग्लंडला गेला. नुसत्या कातड्यांवर डोळा असलेल्या माणसानं एवढी यातायात केली नसती.

आता १३ जून १७९३. मे महिन्यात पीस नदीवरून निघालेली भूर्जाच्या सालीची होडी आतून २५ फूट लांब, पावणेपाच फूट रुंद. त्यात दहा माणसं आणि सुमारे ३००० पौंड सामान. तरीही रिकामी केली की दोन माणसं ती खांद्यावर घेऊन तीन-चार मैल न थांबता चालायची. दोन तळ्यांमधली ८१७ पावलांची जमीन ओलांडून ते पॅसिफिकच्या बाजूला उतरले, आणि ज्या ओढ्याला पुढे 'वाईट नदी' म्हटलं गेलं त्यात शिरले. प्रवाहानं होडी आडवी केली. वाळूच्या दांड्यावर सगळ्यांनी पाण्यात उड्या टाकल्या, तोच खोल पाणी आलं आणि घाईनं परत चढावं लागलं. पहिल्या खडकावर मागचा भाग फुटला, पलीकडच्या काठावर पुढचा. पुढच्या माणसानं एका झाडाच्या फांद्या पकडल्या, त्या लवचिक निघाल्या आणि त्यालाच हिसडा देऊन काठावर फेकलं. मग धबधब्यात तळाला मोठी भोकं पडली, एक सोडून सगळ्या आडव्या पट्ट्या निखळल्या. होडी पाण्यावर सपाट पसरली, आणि म्हणूनच उलटली नाही. सुकाणूवरचा माणूस ओरडला, जीव वाचवा. मॅकेन्झीनं हुकूम सोडला की कुणीही होडी सोडायची नाही. सगळे धरून राहिले आणि काही मिनिटांत उथळ पाण्यात लागले.

बंदुकीच्या सगळ्या गोळ्या गेल्या. भिजलेली ८० पौंड बंदुकीची दारू वाळत घातली होती, तिच्यावरून एक जण पेटलेला पाईप तोंडात धरून चालत गेला. होडीला साल, लाकडाचे तुकडे आणि राळ लावून डागडुजी झाली. त्यानं ती इतकी जड झाली, की दोन माणसांना १०० यार्डांच्या पुढे नेववेना. मला पटवतो तो हा तपशील. शौर्य रंगवणाऱ्याला राळेचं वजन सुचत नाही, ते खांद्याला कळतं.

याहून जवळची वाटते ती ८ जूनची कबुली. ४ तारखेपासूनच्या दिशा चुकीच्या असू शकतील, तो लिहितो, कारण त्या टिपलेली वहीच हरवली. होडीत त्याचा डोळा लागला असताना बहुधा फांद्यांनी ती ओढून नेली. हे लपवणं सोपं होतं.

इथवर येऊन मी पूर्वी थांबायचे आणि म्हणायचे, बघा, हा माणूस खरा. आता तसं म्हणवत नाही. १८०१ मध्ये लंडनला छापलेल्या मजकुरावर विल्यम कूम या लेखनिकाचा हात फिरला आहे, आणि १७९३ च्या प्रवासाचं मूळ हस्तलिखित आज हाती नाही. कबुली मॅकेन्झीची असणार, पण तिचा सूर कुणाचा? यावर मी स्वतःशीच भांडते.

आणि 'अज्ञात नद्या' हा शब्द मीही वापरायचे. सेकानी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या माणसानं कोळशानं सालीच्या तुकड्यावर पुढची वाट काढून दाखवली होती. वाईट नदीच्या पुढे लागलेली मोठी नदी सोडा, पायवाटेनं जा, हा सल्लाही तिथल्याच लोकांचा. ती वाट समुद्रापर्यंत जायची, आणि तो त्याच वाटेनं गेला. २२ जुलैला चरबीत शेंदूर कालवून त्यानं खडकावर आपलं नाव आणि तारीख लिहिली. जी नदी सोडली ती कोलंबिया, असं तो समजत राहिला. ती वेगळीच नदी आहे हे १८०८ मध्ये सायमन फ्रेझर हा दुसरा व्यापारी तिच्या मुखापर्यंत गेला तेव्हा कळलं, आणि आज ती त्याच्याच नावानं ओळखली जाते.