आवक शिक्का, ४ वाजून ४८ मिनिटं

मी टेंडरं भरून देते. शालिमारला झेरॉक्सच्या दुकानावर माळ्याची एक खोली, दोन संगणक, एक स्कॅनर आणि भिंतभर फायली. टेंडर म्हणजे दर, असं बाहेरच्यांना वाटतं. दर शेवटच्या अर्ध्या तासात ठरतो. त्याआधीचे दहा दिवस दाखल्यावर जावक क्रमांक आहे का, सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा ओळख क्रमांक आहे का, सहीखाली हुद्दा लिहिलाय का, हे बघण्यात जातात. एवढं करून लिफाफा क्रमांक एकमध्ये, म्हणजे कागदपत्रांच्या तांत्रिक लिफाफ्यात टिकलात, तरच तुमचा दर कोणी उघडतो.

ही गोष्ट जूनमधल्या एका टेंडरची आहे. नाशिक जिल्ह्यातलं एक सरकारी कार्यालय. पेठ, सुरगाणा, इगतपुरी भागातल्या त्यांच्या इमारतींमधल्या डिझेल जनरेटरची तीन वर्षांची देखभाल. अंदाजित रक्कम ६० लाख. माझ्याकडे हे काम घेऊन आले ते अंबडचे एक ठेकेदार, आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. स्वतः पाना हातात घेणारा माणूस. पावसाळ्यात सुरगाण्याकडे लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर दहापैकी आठ वेळा बॅटरीच मेलेली असते, हे ते फोनवरच सांगतात.

अनुभवाची अट नेहमीचीच होती: गेल्या सात वर्षांत पूर्ण केलेलं समान स्वरूपाचं एक काम ८० टक्के रकमेचं, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा तीन ४० टक्क्यांची. म्हणजे एकच काम दाखवायचं तर ४८ लाखांचं. भाऊंची ३० लाखांवरची दोन कामं होती, दोन्हींचे पूर्णत्वाचे दाखले स्वच्छ. निविदा तीनच आल्या.

तांत्रिक लिफाफा उघडला आणि तिघेही पात्र ठरले. हरकतीसाठी तीन दिवस होते. मी लॉगिन करून समोरच्यांची, म्हणजे भाऊंच्या मुख्य प्रतिस्पर्ध्यांची कागदपत्रं उतरवून घेतली. त्यांनी एकच काम दाखवलं होतं, ५४ लाखांचं. दाखल्यावर गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं होतं. शेवटची ओळ होती: ‘सदर काम समाधानकारकरीत्या सुरू आहे.’

सुरू आहे. तीन वर्षांच्या ठेक्यातली अडीच वर्षं झालेली, म्हणजे बिलं निघाली असतील ती ४५ लाखांची. रकमेतही बसत नव्हतं आणि पूर्णही नव्हतं. हा शब्दांचा कीस काढणं नाही. देखभालीच्या ठेक्यात पहिली दोन वर्षं तेल, फिल्टर आणि ए-चेक, बी-चेक या ठरावीक तपासण्यांवर कोणीही काढतं. तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या बदलायला येतात, रेडिएटरचे होज फुगतात, लाइट गेल्यावर जनरेटर आपोआप चालू करणारं एएमएफ पॅनल दगा देतं आणि ठेकेदार फोन उचलेनासा होतो. ‘पूर्ण’ हा शब्द त्या तिसऱ्या वर्षासाठी असतो. छाननी समितीने तो वाचलाच नव्हता. त्यांनी शिक्का बघितला आणि पान उलटलं. अशी छाननी मी गेली चौदा वर्षं बघते आहे आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

हरकतीचं पत्र घेऊन शेवटच्या दिवशी साडेचारला मी आवक-जावक टेबलापुढे उभी राहिले. लिपिक म्हणाले, “मॅडम, उद्या या, बुक बंद केलं.” मी म्हटलं, “मुदत पाचपर्यंत आहे, शिक्का मिळेपर्यंत मी थांबते.” शिक्का मिळाला. “वेळ पण टाका,” म्हटल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिली: ४.४८. तेच पत्र तिथे उभ्या उभ्या ईमेलनेही पाठवलं. आणि त्याच संध्याकाळी, हरकतीवर कोणी काही बोलायच्या आत, आर्थिक लिफाफा उघडला. पोर्टलवर वेळ दिसते: ५ वाजून २२ मिनिटं. समोरचे ५२ लाख ४० हजार, भाऊ ५३ लाख ५ हजार, तिसरा ५८च्या वर.

सुनावणी लागायला पाच आठवडे गेले. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या दालनात समोरच्यांचा माणूस, लेखा विभागातले एक गृहस्थ, भाऊ आणि मी. लेखावाल्यांनी सुरुवातच केली, “दर उघडल्यावर हरकत घ्यायची सवयच लागलीय लोकांना, साहेब.” मी काही न बोलता आवक शिक्क्याची प्रत आणि पोर्टलचा प्रिंट शेजारी शेजारी ठेवला. साहेबांनी दोन्ही वेळांवर बोट ठेवून वाचलं. मग दाखला मागवला आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली. समोरचा म्हणाला, “साहेब, अडीच वर्षं झाली, म्हणजे झाल्यातच जमा.” साहेब म्हणाले, “जमा नाही ना झालं पण.”

बाहेर आल्यावर भाऊंनी चहा पाजला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

अकरा दिवसांनी आदेश आला. दोनच परिच्छेद. पहिल्यात हरकत मान्य, समोरचे अपात्र. दुसऱ्यात: पात्र निविदाकार दोनच उरल्याने पहिल्या मागणीत (म्हणजे निविदा पहिल्यांदा काढताना) किमान तीनची अट पूर्ण होत नाही, सबब निविदा रद्द, फेरनिविदा काढावी.

तीनचा आकडा मला पाठ आहे. तरीही हरकत लिहिताना माझं लक्ष फक्त त्या दाखल्यावर होतं. एकाला बाहेर काढलं की दोन उरतात, हे भाऊंना आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी हरकत घेतली असती का, हे मी अजून स्वतःला विचारते.

पण आदेशही मला पटलेला नाही. निविदेत लिहिलं होतं ‘किमान तीन निविदा प्राप्त’. प्राप्त तीन झाल्याच होत्या. पात्र तीन हव्यात, असं कुठेही नव्हतं. आम्ही मुंबईला वकिलांकडे गेलो, पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेसने. त्यांनी नीट ऐकून घेतलं. १९७९ चा रमणा शेट्टी निकाल समजावला: मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाचं टेंडर, आणि प्राधिकरणाने स्वतः लिहिलेली पात्रतेची अट त्याच्यावरही बंधनकारक. पण त्याच निकालात उशिरा आला म्हणून अर्जदाराला काही मिळालं नव्हतं, तेही सांगितलं. मग २०१६ चा नागपूर मेट्रोचा निकाल काढला. टेंडर ज्याने लिहिलं त्यालाच त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, त्याने लावलेला अर्थ अगदीच विपरीत किंवा दुष्ट हेतूचा नसेल तर कोर्ट हात घालत नाही. शिवाय सर्वांत कमी दर असला तरी काम मिळण्याचा हक्क तयार होत नाही. “लढता येईल,” ते म्हणाले, “पण खर्च तुमच्या तीन वर्षांच्या नफ्यातून जाईल.” परतीच्या गाडीत इगतपुरी येईपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. तिथे म्हणाले, “ताई, राहू द्या.”

कर्नाटकात १९९९ च्या, राजस्थानात २०१२ च्या कायद्याने निविदाकाराला वरच्या प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. आमच्यापुढे मात्र ज्यांनी चूक केली तेच कार्यालय, नाहीतर थेट हायकोर्ट. मधली पायरी असती तर ‘प्राप्त’ की ‘पात्र’ एवढ्याचसाठी मी स्वतः जाऊन उभी राहिले असते, वकिलाशिवाय.

फेरनिविदा डिसेंबरात निघाली. सगळ्यांचे दर सगळ्यांना ठाऊक. भाऊ ५२ लाख १० हजारांवर उतरले, त्याखाली त्यांना परवडत नव्हतं. समोरच्यांनी ५१ लाख ९० हजार भरले. तांत्रिक लिफाफा उघडला त्या रात्री मी त्यांचा दाखला तीनदा वाचला. त्याच ठेक्याचा, त्याच शिक्क्याचा, नवीन जावक क्रमांकाचा. नोव्हेंबरअखेर काम संपलं होतं आणि शेवटच्या ओळीत ‘पूर्ण केले’ असं लिहिलं होतं.