मंगळसूत्र, एमआरआय आणि आमचे ट्रॉलीवाले मामा

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते, सोबत एटकॉमचे तासही घेते. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात पेशंटशी कसं वागायचं, कसं बोलायचं हे रीतसर शिकवायचं ठरलं, त्याला एटकॉम म्हणतात. पहिल्या वर्षाला त्यात एक विषयच आहे, पेशंट असणं म्हणजे काय. पोरं तेव्हा अठरा-एकोणीसची असतात, मनापासून लिहितात, बोलताना काहींचे डोळे भरून येतात. मग वॉर्ड सुरू होतात आणि हळूहळू तीच पोरं "बारा नंबरचं लिव्हर" असं बोलायला लागतात. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांची सहानुभूती दरवर्षी मोजत गेले होते, २००९ मधे तो पेपर आला, आणि घसरण दिसली ती तिसऱ्या वर्षात, म्हणजे तिकडे पोरं पेशंटमधे जायला लागतात नेमकी तेव्हाच. म्हणून मी हा विषय इंटर्नशिपच्या ओरिएंटेशनला परत घेते, आणि स्लाइड लावत नाही.

करतो काय, तर ज्याची तयारी असेल त्या इंटर्नला हॉस्पिटलचा गाऊन घालायचा, चष्मा आणि मोबाइल काढून घ्यायचा, ट्रॉलीवर आडवं करायचं आणि कॅज्युअल्टीपासून रॅम्पने सोनोग्राफीपर्यंत न्यायचं. कुठे चाललोय ते सांगायचं नाही. ढकलणारेही इंटर्नच. या वेळी एक उंचापुरा फुटबॉल खेळणारा मुलगा हौसेने झोपला, परत आला तो घामाघूम. म्हणाला, मॅडम, नुसत्या ट्यूबलाइट सरकतात आणि खालून लोकांच्या नाकपुड्या दिसतात, सगळे माझ्याविषयी बोलत होते पण माझ्याशी कोणीच नाही, आणि रॅम्पवर डोकं खाली गेलं तेव्हा मला खरंच वाटलं की मी घसरून पडणार.

मग त्याच मुलाला त्याच रस्त्याने आमच्या मामांनी नेलं. मामा म्हणजे वॉर्डबॉय, आयुष्य गेलंय त्यांचं ट्रॉली ढकलण्यात. मी त्यांना एवढंच म्हटलं होतं की रोज नेता तसं न्या. आधी त्यांनी गाऊनची मागची नाडी बांधली, पायावरची चादर नीट केली आणि मग निघाले. "दादा, कोपर आत घ्या, दाराला घासतं." "आता उंबरा येतोय, जरा दणका बसंल." रॅम्पच्या तोंडाशी थांबून ट्रॉली फिरवली, पाय पुढे. पोरांनी विचारलं, मामा, फिरवली का? तर म्हणाले, उतारावर डोकं खाली गेलं की मानूस घाबरतं, पोटातलं वर येतं, चढाला डोकं पुढं न् उताराला पाय पुढं. हे नर्सिंगच्या पुस्तकात आहे हो, पण आमच्या पोरांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, पेशंटच वरडून सांगतात की, ऐकायचं फक्त.

दुपारी बॅचला डिपार्टमेंट दाखवायला घेऊन गेले आणि रेडिओलॉजीत नेमका गोंधळ चालू होता. एक आजी, नऊवारी, कमरेच्या मणक्याचा एमआरआय, दोन्ही पायांना मुंग्या येत होत्या. जोडवी काढून सुनेकडे दिलेली, पण मंगळसूत्राला हात लावू देत नव्हत्या. टेक्निशियन वैतागलेला, आणि त्याचं चूक नव्हतं, चुंबक चोवीस तास चालू असतं, धातू आत जाता कामा नये हा नियम बरोबरच आहे, बाहेर रांग, मशीन एक. पण आवाज चढलेला. आदल्या दिवशी आजींना असंच परत पाठवलं होतं आणि केसपेपरवर इंग्रजीत शेरा होता, पेशंट नॉट कोऑपरेटिव्ह.

आमच्यातली एक इंटर्न, एरवी तासाला फारसं न बोलणारी, पुढे जाऊन आजींच्या बाकाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, आजी, काढायला नको का वाटतंय?

सकाळीच मी त्यांना १९८४ चा एक अभ्यास सांगितला होता, ७४ भेटी टेप करून बघितल्या तर पेशंट बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरने त्याला मधेच तोडलेलं. ही पोरगी गप्प बसून राहिली. आजी आधी काहीच बोलेनात, मग गावाकडची गाडी, लेकाची नोकरी, मधेच औताचा बैल, असं करत करत मुद्द्यावर आल्या. "मालक वर वार्डात हायेत बाई. नळ्या लावल्यात. आन् ह्यो म्हनतोय गळा मोकळा कर."

टेक्निशियन तिथल्या तिथे गप्प झाला. नवरा वरच्या मजल्यावर सिरीयस आहे हे त्या खोलीत कोणालाच माहीत नव्हतं, कारण दोघांचे केसपेपर वेगळे, वॉर्ड वेगळे.

मार्ग सांगितला रेडिओलॉजीच्या मावशींनी. पोछा बाजूला ठेवून म्हणाल्या, हळदीच्या दोऱ्यात हळकुंड बांधा की, आमच्यात वाटी तुटली तर तेच घालत्यात. गेटबाहेर गणपतीच्या देवळापाशी पूजेच्या सामानाचं दुकान आहे, फुटबॉलवाला धावत गेला, हळकुंड आणि सुताची गुंडी घेऊन आला. किचनमधून चिमूटभर हळद आणली. टेक्निशियनने स्वतःहून पुढचा पेशंट आधी आत घेतला. सुनेने दोरा ओला करून हळद चोळली, हळकुंड बांधलं, आणि आजींच्या गळ्यात आधी ते घातलं, मगच जुनं काढलं. काचेच्या बांगड्या तशाच राहू दिल्या, काचेला काही होत नाही. आजी आत गेल्या, आवाजाला घाबरतील म्हणून टेक्निशियनने आधीच सांगितलं की मोठ्यानं ठकठक होईल, हलू नका, मी काचेतून बघतोय. स्कॅन एका दमात झाला.

संध्याकाळी चर्चेत त्या मुलीने जे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मॅडम, मला भरून वगैरे काही आलं नाही, मी फक्त विचारलं आणि थांबले. आम्ही शिकवणारे इथेच घोळ घालतो, पोरांच्या मनात काहीतरी उमलावं म्हणून भाषणं देतो, आणि जे करून दाखवता येतं, नाडी बांधणं, उंबरा सांगणं, का म्हणून विचारणं, बसून बोलणं, ते तसंच राहून जातं. ते आयव्ही लावण्याइतकंच हाताला शिकवता येतं.

एक मुलगा चिडून म्हणाला की सलग छत्तीस तास जागल्यावर आम्हाला कोण विचारतं? रास्त प्रश्न आहे. थकलेल्या पोराकडून गोड बोलण्याची अपेक्षा करून त्याची ड्युटी तशीच ठेवणं हा अन्याय आहे आणि मी ते मीटिंगमधे बोलत असते, पुढेही बोलणार. त्या मुलीने मात्र तेवढ्यात केसपेपर मागवून घेतला होता आणि कालच्या शेऱ्याखाली लिहिलं, पती याच रुग्णालयात दाखल, मंगळसूत्राऐवजी हळदीचा दोरा, एमआरआय पूर्ण.

आता पुढच्या ओरिएंटेशनला मामा आणि मावशी दोघांनाही रिसोर्स पर्सन म्हणून बोलवायचंय. अडचण अशी की मानधनाच्या फॉर्मवर पदनामाचा रकाना फक्त प्राध्यापकांसाठी आहे, चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला व्याख्यात्याचं मानधन कसं द्यायचं हे अकाउंट्सला कळेना. डीनसरांना पत्र दिलंय. तुमच्या कॉलेजात कोणी असं मानधन काढलं असेल तर कुठल्या हेडखाली काढलं ते प्लीज सांगा.